आठशे डॉलरचा तास

युगांडात गोरिला बघायला पैसे साठवत होतो. ब्विंडीच्या जंगलात त्यांच्याजवळ एक तास थांबायचं परमिट ८०० डॉलरचं. पैसे जमले, मग इतिहास वाचायला घेतला आणि अडकलो.

११६० ते २६०७ मीटर उंचीचे ओले, गच्च झाडीचे डोंगर. १९९१मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या बाट्वा लोकांना भरपाई न देता बाहेर काढलं. बरेच जण आता जंगलाच्या कडेला दुसऱ्यांच्या शेतात राबतात. गोरिला मात्र खरंच वाढले. (मला तर त्याचा आनंदच होतो, तीच पंचाईत आहे.)

गेलो, तर त्या हुसकावण्यावर माझीही सही. नाही गेलो, तर बाट्वांना जंगल परत मिळत नाही, फक्त राखणदारांच्या पगारातले माझे पैसे कमी होतात. बुकिंगचं पान अजून उघडंच आहे.