यादीतील नावे

न्यू जर्सी राज्यात घर विकायचे झाल्यास व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी एक प्रमाणपत्र मिळवावे लागते. घरात स्मोक डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आणि अग्निशामक सिलिंडर असून ते योग्य जागी आहेत, असे त्यात नमूद असते. एडिसनमध्ये आम्ही घर घेतले तेव्हा कागदपत्रांच्या जुडग्यात तोही कागद होता. तो तपासणीच्या दिवसापुरते सत्य सांगतो. पुढच्या वर्षांची ग्वाही घरात राहणाऱ्यांनीच द्यायची असते, आणि ती कोणी मागायलाही येत नाही.

इथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. आगीत माणूस ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतो, आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करील याचा भरवसा नसतो. म्हणून प्रत्येक शयनगृहात, त्याबाहेरच्या मार्गिकेत आणि तळघरासह प्रत्येक मजल्यावर डिटेक्टर लावण्याचा नियम आहे. ते एकमेकांशी जोडलेले असले, की एक वाजताच सगळे वाजतात. सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा एवढ्याने भागेना. दिवसा आम्ही दोघेही कामावर, आणि दुपारी पडायच्या वेळी त्या श्रवणयंत्र काढून ठेवीत. त्यांच्या कानांवर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही घरातील यंत्रणा देखरेख केंद्राशी जोडून घेतली.

अशा यंत्रणेत डिटेक्टरचा संदेश घरातील पॅनेलकडे जातो आणि तेथून मोबाइल जाळ्याद्वारे केंद्राकडे. केंद्र कधी दुसऱ्याच राज्यात असते. तेथे बसलेल्या माणसाच्या पडद्यावर आपला पत्ता उमटतो. तो घरी फोन करतो, अग्निशमन दलाला कळवतो आणि आपण दिलेल्या यादीतील नावांना एकेक करून गाठतो. न्यू जर्सीतील अनेक गावांत हे दल स्वयंसेवकांचे आहे. दिवसभर आपापली नोकरी केलेली माणसे आपल्या घरासाठी मध्यरात्री अंथरुणातून उठतात. खोट्या इशाऱ्याला केवळ गैरसोय म्हणणे मला म्हणूनच पटत नाही. तो दुसऱ्याच्या श्रमाचा आणि हळूहळू त्याच्या विश्वासाचाही अपव्यय आहे.

आपल्या घरांत हा प्रश्न नित्याचा. मिरचीची फोडणी, धूप, आरतीचा कापूर यांपैकी कशानेही डिटेक्टर वाजतो. शेगडीपासून किमान १० फूट अंतर ठेवणे आणि स्वयंपाकघराच्या जवळपास प्रकाशावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, डिटेक्टर निवडणे हा त्यावरचा उपाय. प्रत्यक्षात मात्र सत्यनारायणाच्या दिवशी डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. पूजा आटोपते, पाहुणे जातात, पिशवी तशीच राहते. पूजेपूर्वी केंद्राला फोन करून यंत्रणा काही तासांसाठी चाचणीच्या स्थितीत ठेवता येते. त्या अवधीत लक्ष ठेवण्याचे काम आपले, एवढे भान असले म्हणजे पुरे.

देखभालीचे काम अवघड नाही. महिन्यातून एकदा बटण दाबावे, जाळीवरची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. मागे एकदा एक डिटेक्टर अकारण वाजू लागला. तो फिरवून तळपट्टीवरून काढला, तेव्हा आतल्या कप्प्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणलेले दिसले, आणि पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकवर मागे उत्पादनाची तारीख. त्या तारखेपासून १० वर्षांनी डिटेक्टर बदलावा लागतो, तो वाजत असला तरीही. दुसरी गोष्ट सहज निसटते. बटण दाबल्यावर घर दणाणते, पण संदेश बाहेर पोहोचला की नाही, ते त्यातून कळत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील मोबाइल कंपन्यांनी थ्री-जी सेवा बंद केली आणि त्या सेवेवर विसंबलेली जुनी पॅनेले बदलणे भाग पडले. ज्यांनी ती बदलली नाहीत, त्यांच्या घरांत भोंगा पूर्ववत वाजत राहिला, मात्र बाहेर ऐकणारे कोणी उरले नाही. म्हणून चाचणीनंतर केंद्राला फोन करून 'संदेश मिळाला का?' असे विचारावे.

तरीही या साखळीतील सर्वांत नाजूक कडी मला नावांच्या यादीत दिसते. नोव्हेंबरात घड्याळे मागे करण्याच्या रविवारी मी केंद्राकडून ती वाचून घेते. एका वर्षी पहिल्या क्रमांकाच्या शेजारीणबाई घर विकून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. दुसरे नाव ज्या स्नेह्यांचे होते, ते त्या उन्हाळ्यात निवर्तले होते. केंद्राच्या नोंदीत मात्र दोघेही आमच्या हाकेला धावून येणार होते. मी ती नावे काढायला सांगितली आणि पलीकडच्या घरी नव्याने आलेल्या कुटुंबाकडे गेले. दुपारी कधी केंद्राचा फोन आला, तर आमच्या सासूबाईंना बाहेर काढाल का, असे त्यांना विचारले. मासिक शुल्क भरून केंद्राची सेवा मिळते. शेजाऱ्याचा होकार असा विकत मिळत नाही, तो मागावा लागतो आणि आपल्याकडूनही तसाच द्यावा लागतो. त्या संध्याकाळी त्यांनी आमचे नाव आपल्या यादीत घातले.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने जानेवारी आणि जुलै, असे वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. ठाण्यातील एका उंच इमारतीत फायर अलार्मचे पॅनेल वॉचमनच्या केबिनमध्ये पाहिले. वरचेवर वाजतो म्हणून त्याचा बझर बंद केलेला होता. वॉचमनला दोष द्यावासा वाटला नाही. दिवा लागला तर कोणत्या मजल्यावर धावायचे, १०१ ला फोन कोणी करायचा, कोणत्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

वाचकांना माझी विनंती एवढीच. या आठवड्यात आपल्या घरातला एक डिटेक्टर खाली काढून मागची तारीख वाचा. आपल्या सोसायटीच्या पॅनेलचा बझर चालू आहे का, ते पाहा. आणि आपल्या यादीत ज्यांची नावे आहेत, त्यांना एकदा फोन करा.