बांधावरची घूस

रब्बीत रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी देत होतो. पाणी पुढं सरकेना, म्हणून बॅटरी मारत दांडाकडेनं गेलो, तर बांधातल्या एका बिळात ते गडगड करत शिरत होतं. फावड्यानं माती ओढणार, तेवढ्यात बिळाच्या दुसऱ्या तोंडातून घूस बाहेर आली. पळाली नाही. पाठीवरचे केस ताठ उभे, मान आखडलेली आणि घशातून डुकरासारखी गुरगुर. वजन असेल पाव किलोच्या आसपास, आणि समोर मी, हातात फावडं घेतलेला. दोन पावलं मागं मीच सरलो.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या शिवारातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत लढायला सगळ्यात तगडं कोण, हा पोरांचा आवडता वाद. मला मात्र कळेना, की एवढंसं जनावर जीव पणाला लावून नेमकं कशासाठी उभं राहतं?

आमचं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की लोकांना मिरचीचा बाजार आठवतो. भोकरदन तालुक्यातल्या या गावात हंगामात मिरचीनं भरलेल्या गाड्यांची रीघ लागते. पण मिरचीबरोबर मका, कापूस, सोयाबीन, गहूही शिवारात आहे, आणि त्यावर जगणारी बिळातली वस्तीही. सगळ्यांचं हत्यार एकच, पुढचे दात. ते आयुष्यभर वाढतात. बाहेरची बाजू कठीण, आतली मऊ, म्हणून घासता घासता धार आपोआप लागते. ठिबकच्या नळ्या सकाळी चाळणीसारख्या सापडतात, ते याच दातांचं काम. पण हत्यार एक असूनही लढण्याच्या तऱ्हा किती वेगळ्या!

काळ्या जमिनीच्या भेगांत मऊ केसांचा उंदीर राहतो. उन्हाळ्यात जमीन फाटली की त्याला घर आयतंच मिळतं. हा गरीब प्राणी. सावली हलली की भेगेत गडप. शेपटीला गोंडा असलेला, लांब उड्या मारणारा उंदीर त्याहून हुशार. तो बीळ खोदतानाच पळवाटा काढून ठेवतो. त्यांची तोंडं मातीच्या पातळ थराखाली झाकलेली असतात, प्रसंग आला की डोक्यानं थर फोडून बाहेर. खार आवाजानं लढते. मांजर किंवा साप दिसला की चिरचिर करून सगळं झाड जागं करते, आणि लपून शिकार करणाऱ्याचं लपणं उघडं पडलं की त्याचा निम्मा डाव तिथंच संपतो. साळिंदर तर या कुळातलं सगळ्यात मोठं, दहा-पंधरा किलोचं. ते काटे फेकून मारतं असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं, ते खरं नाही. ते शेपटीचे पोकळ काटे खडखड वाजवून आधी इशारा देतं, आणि ऐकलं नाही तर पाठ फिरवून मागं धावतं. जिम कॉर्बेटनं 1944 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मुक्तेश्वरच्या वाघिणीची हकिकत आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला, पायात पन्नासेक काटे रुतले, आणि शिकार जमेनाशी झाल्यावर ती माणसांकडे वळली.

या सगळ्यांत समोर तोंड करून उभी राहणारी एकटी घूस. तिचं बीळ आतून पाहिलं की कारण समजतं. आडवे-तिडवे बोगदे, झोपायची जागा वेगळी आणि धान्याची कोठी वेगळी. ओंब्या तोडून ती आत नेते आणि रचून ठेवते. तमिळनाडूतले इरुळा लोक अशी बिळं खणून धान्य काढत आले आहेत, एवढा साठा त्यात निघतो. आणि अशा बिळात बहुधा एकच मोठी घूस असते. पिल्लांची आई सोडली, तर तिला सोबत चालत नाही. भेगेतल्या उंदराकडे राखायला काही नाही, म्हणून तो पळू शकतो. घुशीची कोठी भरलेली, म्हणून तिला उभं राहावं लागतं. त्या रात्री मला जो पराक्रम वाटला, त्यात भीतीही तेवढीच होती.

उंदरांच्या भांडणाचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या माझ्या मनातून जात नाहीत. पहिली अमेरिकेतल्या ब्लँचर्ड दांपत्याची. 1970च्या दशकात त्यांनी दाखवलं, की घरचा नर उपऱ्यावर धावतो तेव्हा त्याचा रोख पाठीवर असतो. उपरा उताणा पडून पाठ झाकतो. मग मऊ पोट समोर उघडं असूनही घरचा उंदीर सहसा तिथं दात लावत नाही. दुसरी गोष्ट एस. ए. बार्नेट यांची, ज्यांचं उंदरावरचं पुस्तक 1963 साली आलं. पळायला जागाच नसलेल्या बंदिस्त जागेत उपरा उंदीर पुन्हा पुन्हा झोडपला गेला की मरतो, आणि अनेकदा अंगावर जीव जाईल अशी जखमही नसते. म्हणजे दाताला हद्द आहे, पण पळवाट बंद झाली की ती हद्दही वाचवू शकत नाही.

हे वाचलं तेव्हा मला बांध आठवला. घूस बांधात राहते, कारण तिथं नांगर जात नाही. आणि आपलीही भांडणं तिथंच राहतात. हातभर बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. मोजणी येते, खुणेचे दगड उपटले जातात, तारखा पडत राहतात, आणि ज्या पट्टीसाठी हे चालतं तिच्यात बैलगाडीचं चाकही मावत नाही. पोटाला चावायचं नाही एवढं उंदराला कळतं. आपण मात्र भावाच्या घरचं लग्नकार्य आणि मयत या दोन्ही ठिकाणी जाणं सोडतो, म्हणजे बरोबर पोटालाच चावतो. घुशीला कोठी सोडून दुसरं काही नाही. आपल्याला भाऊ असतो.

म्हणून मला वाटतं, लढण्याची खरी कुवत दाताच्या धारेत मोजू नये. समोरच्याला निघून जायला किती वाट ठेवली, यात ती मोजावी. साळिंदराचा खडखडाट ही तशी वाट आहे. राज्य सरकारनं जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली, तीही तशीच वाट आहे. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, असे किमान बारा वर्षांचे गुंते आपसात अदलाबदल करून सोडवायचे, त्यासाठी तेव्हा मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये ठेवली. कागदावर ही शुल्कातली सवलत. माझ्या लेखी ती दोन घरांना मागं सरायला दिलेली जागा आहे.

त्या रात्री मी मागं सरलो तेव्हा घूस क्षणभर थांबली, केस खाली बसले, आणि ती बांधाकडेनं अंधारात गेली. मी बिळाच्या तोंडाशी माती ओढली. पाणी पुन्हा दांडाला लागलं आणि गव्हाकडे चालू लागलं.