शेवट कोणाच्या हातात?

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली होती. चकलीचा तुकडा मोडता मोडता तिने मध्येच विचारले, "बाई, तिला का मारलंत?"

क्षणभर मला उमगेना. मग ध्यानात आले. माझ्या कादंबरीतल्या धाकट्या शिक्षिकेविषयी ती बोलत होती. तालुक्याच्या गावी एकाच खोलीत बिऱ्हाड करून राहणाऱ्या दोन शिक्षिका मी रंगवल्या होत्या. त्यांचे प्रेम मैत्रीच्या पलीकडचे आहे, असे मी कुठे लिहिले नव्हते; पण लपवलेही नव्हते. शेवटच्या प्रकरणात धाकटीला ताप भरला आणि ती गेली. "कथानकाचीच ती गरज होती," असे काहीतरी मी पुटपुटले. मुलगी किंचित हसली आणि गप्प बसली. ते हसू साहित्यचर्चेतले नव्हते.

तो प्रश्न मनात घेऊन मी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या कादंबऱ्या मिळवून वाचू लागले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश मांडीवर घेऊनच बसावे लागले.

रॅडक्लिफ हॉल या इंग्रज लेखिकेची 'द वेल ऑफ लोनलीनेस' १९२८ साली प्रसिद्ध झाली. एकाकीपणाची विहीर! आपल्या कथांतल्या किती अभागिनींनी विहीर जवळ केली, ते मला आठवले. या कादंबरीची नायिका आपल्या जिवलग मेरीला स्वतःहून दूर लोटते. एका पुरुषाशी संसार मांडून तरी ती सुखी होवो, म्हणून. एवढा त्याग करूनही लंडनच्या न्यायालयाने त्याच वर्षी पुस्तक अश्लील ठरवले आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. दुःखान्तानेही पुस्तक वाचले नाही.

अमेरिकेत १९५२ साली मॅरिजेन मीकर हिने व्हिन पॅकर या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिली. शेवट गोड केलात तर टपाल खाते पुस्तके जप्त करील, असे संपादकाने तिला बजावले होते. म्हणून एका नायिकेला वेड लागले आणि आपले प्रेम मुळी प्रेमच नव्हते, असा साक्षात्कार दुसरीला झाला! पुस्तक लाखांनी खपले. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ हिने क्लेअर मॉर्गन या नावाने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली. तिच्या नायिकेला पोटच्या मुलीचा ताबा गमवावा लागतो. पण अखेरीस दोघी एकत्र येतात. आभाराची पत्रे त्या खोट्या नावावर कितीतरी महिने येत राहिली. ते पुस्तक आपले आहे, हे सांगायला मात्र हायस्मिथला १९९० साल उजाडावे लागले. आपल्याला यात नवल वाटायला नको. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या बाईंनाही विभावरी शिरूरकर या नावाआड उभे राहावे लागले होते.

पुढे काळ पालटला. १९७३ साली अमेरिकेत काही स्त्रियांनी अशाच पुस्तकांसाठी नायड प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली. १९८४ साली कॅथरिन फॉरेस्ट हिची केट डेलाफील्ड खुनाचा छडा लावू लागली. १९९८ साली सारा वॉटर्स हिने आपल्या नायिकेला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये नेले. रहस्यकथा, प्रेमकथा, ऐतिहासिक कथा असे सारे प्रकार या लेखिकांनी हाताळले. त्यांच्या नायिकांना आता इतरही कामे आहेत, इतरही संकटे आहेत. प्रेम हाच एक अपराध उरलेला नाही.

कोणी म्हणेल, पूर्वी दुःखान्ताची सक्ती होती, आता सुखान्ताची होईल. दोन्ही ठशाचेच गणपती! आक्षेप खोटा नाही. ठरवून केलेले सुख कादंबरीत फिकेच पडते. पण दोहोंत एक भेद आहे. ताप सर्वांनाच येतो, मरण कोणाला चुकत नाही. मात्र एकाच जातीच्या प्रेमाने जगणाऱ्यांना कथेमागून कथेत मरावे लागत असेल, तर त्याला दैव म्हणता येणार नाही. ती लेखकाने ठोठावलेली शिक्षा होय. आणि ज्या वाचकाला त्या कथेत आपला चेहरा दिसतो, तो ही शिक्षा स्वतःची म्हणून घरी घेऊन जातो.

मीकरपुढे टपाल खाते होते. माझ्यापुढे कोण होते? प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी प्रेम गुन्हा नव्हे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच दिला होता. माझी कादंबरी त्यानंतरची. माझ्या प्रकाशकांनीही शेवट बदला, असे म्हटले नव्हते. शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज आणि शेजारच्या काकूंच्या भुवया, एवढ्यासाठी मी एका तरुण मुलीला तापाने नेले.

या दिवाळीत ती विद्यार्थिनी पुन्हा येईल, अशी आशा आहे. चकल्या केल्या आहेत. कथानकाची गरज वगैरे आता सांगणार नाही. "मी भ्याले होते, बाळ," एवढेच सांगेन. आणि तिने परवानगी दिली, तर तिचीही गोष्ट ऐकेन.