एका अर्जाची दोन उत्तरं

आपल्याला येतं त्यापेक्षा ‘खालचं’ समजलं जाणारं काम मागणारा अर्ज तुमच्यापैकी अनेकांनी या देशात आल्यावर कधी ना कधी भरला असेल. तिकडे पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई इथे वर्गमदतनीस व्हायचा अर्ज करते. तिकडचा वकील इथे एखाद्या कचेरीत फायली लावतो. पोटासाठी म्हणा, व्हिसासाठी म्हणा किंवा मुलं लहान आहेत म्हणून म्हणा, आपण ते करतो. त्याबद्दल बोलायचं मात्र टाळतो. अशाच एका अर्जाबद्दल आणि त्यातून पडलेल्या एका प्रश्नाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

अर्ज माझ्या भाचीचा आहे. तिने महाराष्ट्रात बीडीएस केलं. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मग गावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम. लग्न होऊन ती २०१८ साली इंग्लंडला आली. भारतातल्या पदवीवर इथे थेट दंतवैद्यकी करता येत नाही, त्यासाठी ओआरईसारखी परीक्षा द्यावी लागते. पहिला भाग लेखी आणि दुसरा प्रात्यक्षिक. नुसत्या दुसऱ्या भागाची फी चार हजार पौंडांच्या वर आहे आणि जागा मोजक्या. त्यात दोन बाळंतपणं आणि एक महामारी. आता ती एका प्रॅक्टिसमध्ये डेंटल नर्स आहे. ज्या खुर्चीशेजारी ती पूर्वी डॉक्टर म्हणून बसायची, तिथे आता हातात सक्शन धरून उभी असते.

तिच्या आधी आलेल्या काहीजणींना एक मधली वाट मिळाली होती. परदेशी पदवीच्या दंतवैद्यांना जनरल डेंटल कौन्सिलकडे हायजिनिस्ट किंवा थेरपिस्ट म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. कागदपत्रं तपासून योग्य वाटलं तर नोंदणी मिळे. ८ मार्च २०२३ पासून कायदा बदलला आणि ती वाट बंद झाली. आता हायजिनिस्ट व्हायचं तर इतर सगळ्यांसारखा अर्ज करून कॉलेजात जायचं आणि दोन-तीन वर्षं शिकायचं. तिने तेच ठरवलं.

युकॅसच्या अर्जात पूर्वी एक सलग निवेदन लिहावं लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत आणि पहिला सरळच आहे, हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे? तिने उत्तर लिहून माझ्याकडे वाचायला आणलं. पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासून मला लोकांच्या तोंडाच्या आरोग्याची काळजी घेणारी हायजिनिस्ट व्हायचं होतं.’

मी म्हटलं, “अगं, लहानपणी तुला हायजिनिस्ट हा शब्द तरी माहीत होता का?”

ती हसली. “मावशी, असंच लिहितात सगळे.”

मग जाता जाता दारात थांबून म्हणाली, “आणि हे बघ, आईला सांगू नकोस इतक्यात. मी मास्टर्सला अर्ज करतेय असं सांगितलंय तिला.”

तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री भांडी विसळताना लक्षात आलं की या पोरीने एकाच अर्जाबद्दल दोन जागी दोन उत्तरं दिली आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कॉलेजला सांगितलं, हे माझं जन्माचं स्वप्न आहे. आईला ते सांगण्याजोगंही वाटलं नाही. दोन्ही खोटी निरुपद्रवी वाटतात. तुम्हीही म्हणाल, अर्जात सगळेच थोडं गूळ लावून लिहितात आणि आईची झोप कशाला उडवायची? पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्या उत्तरातला अभिमान खरा असता तर दुसरं उत्तर लागलंच नसतं.

माझा प्रश्न असा आहे. जे काम आपली पहिली निवड नाही, ते प्रामाणिकपणे मागता येतं का? येत असेल, तर कसं?

आधी ही लाज कुठून आली ते पाहू. दातांवरचं कीटण काढणं, हिरड्यांच्या कडेखालची घाण साफ करणं हे हायजिनिस्टचं मुख्य काम. त्यासाठी स्वतंत्र माणूस असावा ही कल्पना अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांची. त्यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या मदतनीस बाईंना हे काम शिकवलं आणि १९१३ मध्ये त्याची शाळा काढली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलाने पहिल्या हायजिनिस्ट तयार केल्या. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल हायजिनिस्टची वेगळी नोंदवही ठरवली. पण ती बहुतेक कायद्यातच राहिली. आपल्या गावात स्केलिंग डॉक्टरच करतात. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर हा माणूसच नाही. उरतो फक्त एक अर्थ, दुसऱ्याची घाण साफ करणारा.

हा अर्थ ऐकला की आपल्या मनात जे होतं ते नुसत्या पगाराच्या हिशेबातून येत नाही. घाण कोणी काढायची हे आपल्याकडे शेकडो वर्षं जातीने ठरवलं. आपण विमानात बसलो तेव्हा ते सामानातून बाहेर काढून ठेवलं नाही. गाडगेबाबांचा फोटो आपण भिंतीवर लावतो. त्यांचा खराटा आपल्या मुलीच्या हातात यावा असं मात्र आपल्याला वाटत नाही.

इथे मला अप्पासाहेब पटवर्धन आठवतात, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत. एम. ए. झालेला, कॉलेजात शिकवलेला, ब्राह्मण घरातला माणूस. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. अप्पांनी आग्रह सोडला नाही आणि त्या डिसेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या मागणीसाठी उपास सुरू केला. सफाईचं काम मिळावं म्हणून केलेला हाही एक अर्जच होता. ‘का?’ या प्रश्नाचं अप्पांचं उत्तर तुरुंगासमोर एक आणि घरी दुसरं असं नव्हतं.

पण अप्पांचं उदाहरण देऊन भाचीला गप्प करणं मला पटेना. कारण याच गोष्टीची दुसरी बाजू डॉ. आंबेडकरांनी दाखवली होती. सफाईच्या कामाचं पावित्र्य गाण्याला त्यांचा कडक विरोध होता. ज्याच्यावर ते काम जन्माने लादलं आहे, त्याला ‘तुझं काम थोर आहे’ असं सांगणं म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणं. अप्पांना ते काम सोडून देण्याची मोकळीक होती. ज्यांना ती नव्हती, त्यांना थोरवीचा काय उपयोग?

माझी भाची या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. तिच्यावर हे काम कोणी लादलेलं नाही आणि तिने ते मोकळ्या मनाने निवडलेलंही नाही. तिच्या शिक्षणासाठी माझ्या बहिणीने बँकेचं कर्ज काढलं होतं. तिने डॉक्टर ही पाटी गमावली आहे. ते दुःख खरं आहे आणि ‘कोणतंही काम लहान नसतं’ हे वाक्य त्यावर औषध नाही. ज्याची पाटी शाबूत आहे त्याच्या तोंडून तर ते मुळीच शोभत नाही.

मग प्रामाणिक उत्तर कुठलं? काहीजण म्हणतील, हेतूच शुद्ध नाही तर अर्जच करू नये. जागा थोड्या असतात, कारण प्रत्येक विद्यार्थ्याला खुर्ची लागते, रुग्ण लागतात, शेजारी उभा राहणारा शिक्षक लागतो. जिचं खरंच लहानपणापासूनचं स्वप्न आहे अशा अठरा वर्षांच्या मुलीची जागा हिने का घ्यावी? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण तो हेतू आणि वचन या दोन गोष्टींची गल्लत करतो. हेतू कोणाचाच निर्भेळ नसतो. त्या अठरा वर्षांच्या मुलीलाही कदाचित डेंटिस्ट्रीला प्रवेश मिळाला नसेल. अर्ज घेणाऱ्याला आपल्या मनातलं पहिलं प्रेम तपासायचं नसतं. तुम्ही हे काम नीट शिकाल का, आणि शिकल्यावर खुर्चीतल्या माणसाला तुमच्याकडून पूर्ण लक्ष मिळेल का, हे त्याला हवं असतं. ते वचन देता येत असेल तर दुसऱ्या पसंतीचं कामही हक्काने मागता येतं. देता येत नसेल, तर पहिल्या पसंतीचं कामही मागू नये.

एक बंधन मात्र राहतं. ज्या गोष्टीवर पांघरूण घातल्याशिवाय अर्ज उभाच राहत नाही, ती लपवायची नाही. भाचीच्या उत्तरात तिच्या बीडीएसचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात, अर्ध्या ओळीत होता. जणू तो गुन्हा होता.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “दात साफ करण्याबद्दल तुला स्वतःला काय माहीत आहे, जे त्या अठरा वर्षांच्या मुलीला माहीत नाही?”

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने इंटर्नशिपमधल्या एका शिबिराची गोष्ट सांगितली. गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली. रांगेत मिश्री लावणाऱ्या बायका. हिरड्या सुटलेल्या, दात हलणारे. “मावशी, आम्ही दिवसभर दात काढत होतो. कीड नव्हती गं त्या दातांना. दात चांगले होते, त्यांच्याखालचं हाड गेलं होतं. दहा वर्षं आधी कोणी त्यांच्याशी बसून बोललं असतं, दर काही महिन्यांनी साफ केलं असतं, तर त्यातले कितीतरी राहिले असते. आम्हाला वाटत होतं आम्ही सेवा करतोय.”

आता ज्या प्रॅक्टिसमध्ये ती नर्स आहे, तिथे हायजिनिस्टच्या खोलीत ती कधीकधी मदतीला जाते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजायची आणि आकडे नोंदवायचे. सहा महिन्यांनी तोच माणूस परत येतो आणि पाचाचा आकडा तीन झालेला असतो. तो आकडा निम्मा हायजिनिस्टच्या हाताने उतरतो आणि निम्मा त्या माणसाने घरी, रात्री, कंटाळा आलेला असताना दातांच्या फटी साफ केल्यामुळे. रुग्णाला आपल्या बाजूला वळवल्याशिवाय हे काम पूर्णच होत नाही. इथल्या नियमांनीही ते ओळखलं आहे. मे २०१३ पासून हायजिनिस्टकडे दंतवैद्याच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं.

“हे लिही,” मी म्हटलं.

तिने पहिलं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं की मी भारतात दंतवैद्य आहे. मी दात काढायला शिकले, आता ते टिकवायला शिकायचं आहे. पुढे शिबिर, पुढे ते आकडे. पुन्हा कधी ओआरई देणार का, याबद्दल तिने काही लिहिलं नाही, कारण ते तिलाच ठाऊक नाही. मुलाखतीत विचारलं तर खरं ते सांगेन, म्हणाली. मला ते पुरेसं वाटतं. उद्याच्या प्रत्येक ‘कदाचित’चा जबाब आज द्यायला कोणी बांधील नसतं. आज जे ठाऊक आहे तेवढं झाकायचं नाही.

मग तिने माझ्या स्वयंपाकघरातूनच आईला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बहीण म्हणाली, “म्हणजे डॉक्टर नाही होणार?”

“डॉक्टर आहेच मी, आई. इथे हे काम करणार.”

आणखी थोडी शांतता. मग तिने फी किती, मुलांना कोण बघणार, असं विचारायला सुरुवात केली. ती खूश नव्हती. पण त्या दिवसापासून माझ्या भाचीला कोणाला काय सांगितलंय हे लक्षात ठेवावं लागत नाही.

प्रवेश मिळेल की नाही, अजून कळलेलं नाही. तुमच्याही टेबलावर असा एखादा अर्ज पडला असेल, तर ‘का?’चं उत्तर लिहून झाल्यावर ते दोघांना वाचून दाखवा. एक, ज्याच्याकडे तुम्ही ते काम मागता आहात त्याला. दुसरं, घरातल्या त्या माणसाला, ज्याच्यापासून तुम्ही ते लपवणार होतात. दोघांसमोर शब्द बदलावे लागले, तर अर्ज पाठवायला अजून एक रविवार थांबा.