ठशाच्या आधी

परसदारी ठशाचं काँक्रीट करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. तपकिरी की राखाडी, दगडी फरशीची नक्षी की विटांची, की लाकडी फळ्यांची? कंत्राटदारही मोबाइलवर आधी फोटोच दाखवतो. सध्या आमच्या घरात हेच चाललं आहे, आणि मी सगळ्यांना थांबवून धरलं आहे. ज्या जमिनीवर हे ओतायचं तिचं, आणि तिच्यावर पडणाऱ्या पाण्याचं काय करायचं, हे ठरेपर्यंत मला नक्षीकडे बघायचं नाही.

ही पद्धत तशी अलीकडची. कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी १९५०च्या दशकात ओल्या काँक्रीटवर दगड-विटांची नक्षी उमटवायची अवजारं तयार केली. पुढे पॉलियुरेथेनचे लवचीक साचे आले आणि काम सोपं झालं. आता आपल्याकडेही बंगल्यांच्या आवारात, रिसॉर्टच्या वाटांवर ते दिसतं. दिसायला देखणं, झाडायला सोपं, विंचूकाट्याची भीती कमी. मला ते आवडतं, म्हणूनच त्याचा विचार नीट व्हावा असं वाटतं.

आधी पाणी. आम्ही तीनशे चौरस फुटांचं बोलतो आहोत, म्हणजे साधारण अठ्ठावीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्याशा जागेवर जवळजवळ वीस हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे दोन टँकर! मे महिन्यात ज्या पाण्यासाठी आपण फोन करत बसतो, तेच पाणी जुलैत काँक्रीटवरून गटारात सोडून द्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून ढाळ घरापासून लांब, दहा फुटांना दोन-अडीच इंच, आणि त्याचं तोंड खालच्या मुरमापर्यंत खणलेल्या शोषखड्ड्याकडे. हे कागदावर आधी काढलं तरच होतं. काँक्रीट घट्ट झाल्यावर ढाळ बदलता येत नाही.

मग माती. आमच्याकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. तिच्यावर सरळ चार इंच काँक्रीट टाकलं तर ते तिच्याबरोबर वर-खाली होणार आणि एखाद्या पावसाळ्यानंतर मधोमध चीर दिसणार. त्यावर उपाय एकच: काळी माती खणून काढायची, मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारायचं, धुम्मस करायचं. पैसे वाचवायचे म्हटलं की लोक नेमके इथे वाचवतात, कारण हा खर्च कुणाला दिसत नाही. मी उलट म्हणेन, नक्षीचा एक रंग कमी करा पण मुरमाचा थर कमी करू नका.

काँक्रीट स्वतःही सुकताना आकसतं. आठ-दहा फुटांवर एक इंच खोल काप द्यावा लागतो, म्हणजे चीर पडलीच तर त्या कापात पडते. हे काप नक्षीच्या रेघांवरून गेले तर डोळ्यांना टोचत नाहीत; वाटेल तिथून गेले तर दगडाच्या चित्राला मधूनच कात्री लावल्यासारखं दिसतं. म्हणून नक्षी आणि काप यांचा आराखडा एकत्रच हवा.

प्रत्यक्ष ठसा उमटवण्याचा वेळ फार थोडा असतो. काँक्रीट ओतून सपाट केलं, वर रंगीत हार्डनर पेरून घोटला, साचा चिकटू नये म्हणून भुकटी टाकली, की मिस्त्री अंगठा दाबून बघत राहतो. अंगठा पाव इंच आत जायला हवा आणि वर येताना त्याला गोळा चिकटता कामा नये. त्याआधी साचा ठेवला तर कडा ढासळतात, उशीर झाला तर नक्षी उमटतच नाही. वैशाखाच्या दुपारी ही मधली वेळ बघता बघता निघून जाते. माणसं घाबरून वरून पाणी शिंपडतात, आणि तिथेच वरचा थर कच्चा राहतो. काम दिवाळीनंतर, आणि सकाळी लवकर सुरू करायचं, असं मी मिस्त्रींना सांगून ठेवलं आहे.

आईचा विचार वेगळा. ती पहाटे अनवाणी परसदारी जाते, कढीपत्ता तोडायला. ठशाच्या काँक्रीटवर शेवटी जो चकचकीत सीलर मारतात, तो पावसात घसरतो, आणि त्यावर शेवाळ धरलं तर विचारायलाच नको. सीलरमध्ये बारीक खरखरीत कण मिसळून तो मारता येतो. चमक थोडी कमी होईल, पण पाय घट्ट राहतील. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा मारावा लागतो, तेही हिशेबात धरायला हवं. खोल खाचांच्या नक्षीलाही मी नको म्हटलं. कुरडया वाळवायची बाज तिच्यावर डुगडुगेल.

परसातल्या आंब्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान तीन-चार फूट माती उघडी ठेवायची. त्यामुळे फरसबंदीचा चौकोन मोडतो आणि आकार वेडावाकडा होतो. होऊ दे. झाड आमच्या आधीपासून इथे आहे.

नळाची जुनी लाइन फरसबंदीच्या जागेखालूनच जाते. ती आधी कडेला घ्यायची. मुरूम भरताना दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवायचे, एक विजेसाठी, एक पाण्यासाठी, आणि त्यांची टोकं कुठे आहेत ते भिंतीवर रंगाने लिहायचं. मिस्त्री म्हणाले, "एवढं आधी कोण बघतं, साहेब?" मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि मोजमापाची टेप मागितली.