मालक ‘नाही’ म्हणाला तर?

नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे, दोन्ही हाताशी. म्हणून इथे एमआयडीसी आली, आणि २०१९ साली धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचं भूमिपूजनही झालं. रस्ता, कारखाना, रूळ, सगळ्यांना जमीन लागते. ती ज्याची आहे तो ‘नाही’ म्हणाला तर काय करायचं? लिबर्टेरियन विचाराचा सगळा जोर या एका प्रश्नावर आहे. माणसाचं शरीर, श्रम आणि त्यातून मिळवलेली मालमत्ता त्याची. त्याच्या संमतीशिवाय तिला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही, बहुमताने निवडून आलेल्या सरकारलाही नाही.

हा विचार श्रीमंतांच्या सोयीचा, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. खान्देशातल्या कापूसवाल्याला विचारा. १९७१च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली आणि राज्यात पणन महासंघाशिवाय दुसऱ्या कुणाला कापूस विकायची सोय उरली नाही. शिरपूर ओलांडलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा; तिथल्या जिनिंगवाल्याकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी स्वतःच्या शेतातला माल चोरवाटेने न्यावा लागायचा. इकडे ग्रेडर म्हणेल तो दर्जा असायचा आणि चुकाऱ्यासाठी हेलपाटे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो शेतकऱ्याच्या या कोंडीतून. बाजाराच्या स्वातंत्र्याची मागणी इथे कोरडवाहू शेतातून आली.

जमिनीचं दुखणं याहून खोल आहे. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. २०१३च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती बंधनकारक केली, पण सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी जमीन घेतं तेव्हा ही अट नाही. मग शेतकऱ्याच्या हाती हरकत आणि मोबदल्याचं भांडण एवढंच उरतं. शिंदखेडा तालुक्यातल्याच विखरणचे धर्मा पाटील ते भांडण घेऊन मंत्रालयापर्यंत गेले. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या सुमारे पाच एकरांचे त्यांना चार लाखांच्या आसपास मिळाले होते. २२ जानेवारी २०१८ला त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं. २८ तारखेला ते गेले. वय ८४. किंमत ठरवण्यात त्यांना काडीचा वाटा असता, तर या वयात मुंबईच्या चकरा मारायची वेळ आली नसती.

रेल्वेचा प्रश्न अवघड आहे, हे मी मान्य करतो. रूळ एकाच्या नकाराने वळवता येत नाही. कारखाना मात्र शेजारच्या पडीकावर जाऊ शकतो, भाडेपट्ट्याने जमीन घेऊ शकतो. दोन्हींना एकच ‘सार्वजनिक हित’ लावणं ही लबाडी आहे.

पण मालकीला इतकं पवित्र मानायचं, तर ती आली कुठून हेही विचारावं लागेल. तापीकाठाने शहाद्याकडे गेलं की ते टाळता येत नाही. तिथे भिल्लांच्या जमिनी कर्जापायी, अंगठ्यापायी, धाकाने दुसऱ्यांच्या नावावर चढल्या. अंबरसिंग सुरतवंतींनी १९७०च्या सुमारास त्याविरुद्ध माणसं उभी केली, पुढे श्रमिक संघटना झाली. १९७४ साली अमेरिकेत लिबर्टेरियन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांचं ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ आलं. करातून होणाऱ्या वाटपाला कडाडून विरोध करणाऱ्या या पुस्तकातही एक अट आहे: मालमत्ता अन्यायाने हाती आली असेल तर तो अन्याय दुरुस्त झाला पाहिजे. योगायोग असा की त्याच वर्षी महाराष्ट्राने आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरणं त्याच्या कक्षेत आली. डाव्या चळवळीच्या रेट्यातून आलेला हा कायदा नोझिकच्या अटीत चपखल बसतो. आपल्याकडचे खुल्या व्यवस्थेचे समर्थक त्याचं नाव क्वचितच घेतात, आणि इथेच त्यांची बाजू लंगडी पडते. सातबारा पवित्र, पण त्यावरचे फेरफार तपासायचे नाहीत, हे तत्त्वज्ञान नव्हे, कब्जेदाराची वकिली आहे.

शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं. घरातल्या श्रमाचा हक्क त्यांनी नोंदीत आणला. तीच हिंमत पुढे न्यायला हवी. नरडाण्याच्या शेतकऱ्याच्या ‘नाही’साठी जो उभा राहतो, त्याने शहाद्याच्या भिल्लाच्या जमीनवापसीच्या दाव्यातही उभं राहावं.