रणभूमी आणि रंगभूमी

युद्ध संपल्यावर त्याचे सोंग आणावे, ही हौस मनुष्यजातीत फार जुनी आहे. वॉटर्लूच्या शेतात २०१५ साली, त्या लढाईस दोनशे वर्षे झाली तेव्हा, हजारो हौशी माणसांनी जुने गणवेष चढवून ती लढाई पुन्हा 'लढून' दाखविली. अमेरिकेत गेटिसबर्गची १८६३ मधील रणभूमी १८९५ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे, आणि त्या गावाच्या आसपास अशी लुटुपुटीची युद्धे होत आली आहेत. आपणही यात अगदीच मागे नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करणारा मुलगा लहान प्रमाणावर तेच करीत असतो. आणि १९८५ पासून 'जाणता राजा'च्या प्रयोगांत हत्तीघोडे रंगमंचावर आलेले आपण पाहिलेच आहेत.

या खेळास नावे ठेवणे सोपे आहे. जेथे माणसे तडफडून मेली तेथे तिकीट लावून तमाशा करणे हा मृतांचा उपहास होय, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण. परंतु दुसरी बाजूही विचारार्ह आहे. पुस्तकातील लढाई ही दोन ओळींची असते: सन, स्थळ आणि निकाल. अंगावर जाड कापड, खांद्यावर जड बंदूक आणि डोळ्यांत धूर घेऊन जो चार घटका उन्हात उभा राहिला, त्याला त्या दोन ओळींमागील श्रम तरी कळतात.

या दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न मनात घेऊनच मी एका पावसाळ्याच्या अखेरीस आसईस गेलो. छत्रपती संभाजीनगरच्या ईशान्येस, भोकरदनच्या पलीकडे, केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे लहानसे गाव आहे. आज ते जालना जिल्ह्यात मोडते; १९८१ पूर्वी तो मुलूख औरंगाबाद जिल्ह्यातच होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असता, दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन खेडी आहेत त्या अर्थी मधे वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने फौज पार नेली. संध्याकाळपर्यंत शिंद्यांच्या जवळजवळ शंभर तोफा त्याच्या हाती पडल्या होत्या. वर्ष संपण्यापूर्वी सुर्जी-अंजनगावचा तह झाला.

माझ्याबरोबर घरातील एक बारा वर्षांचा मुलगा होता. हे सर्व ऐकून त्याने विचारले, "यांत आपले कोणते?" मी तोंड उघडले आणि तसेच मिटले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा नायक पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. वेलस्ली आयर्लंडात जन्मलेला. पोलमनच्या हाताखाली हिंदी शिपाई, आणि वेलस्लीच्या गोऱ्या पलटणींच्या बरोबरीने मद्रासी शिपाई. मराठी राज्य हरले, हे दुःख खरे. पण पोटासाठी बंदूक उचललेला मद्रासेकडचा शेतकरी माझा कोणीच नव्हे, असे त्या मुलाला मला सांगवेना. सोंगाच्या लढाईत बाजू आधीच वाटून दिलेल्या असतात. म्हणून हा प्रश्न तेथे कोणाला पडतच नाही.

त्या दिवसाची आणखी एक हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्रजी फळी तोफांवरून पुढे सरकली तेव्हा शिंद्यांचे कित्येक गोलंदाज तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे जाताच उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. मग त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. हे सोंग आणि उद्यानातले सोंग यांची तुलना केली म्हणजे साऱ्या वादाचा गाभा हाती येतो. आजचा हौशी वीर गोळी लागल्यासारखे करून पडतो, कारण त्याला उठून घरी जायचे असते. तो गोलंदाज पडला तो पुन्हा उठून मरणाला सामोरे जाण्यासाठी. नकलेत धूर आणता येतो, आवाज आणता येतो; आणता येत नाही ती एकच गोष्ट: परत न येण्याची शक्यता. आणि नेमकी तीच तर युद्ध होय.

ही गोष्ट जिंकणाराही जाणून होता. वेलस्लीच्या बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. एवढाच लाभ पुन्हा होणार असला तरी असली हानी पुन्हा पाहण्याची आपली इच्छा नाही, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहिले. शिंद्यांकडील मेलेल्यांचा मात्र नुसता अंदाज आहे. जेत्याची मोजणी होते, जिताचा अदमास होतो.

तेव्हा युद्धाचे सोंग आणूच नये काय? मला तसे वाटत नाही. आसईच्या रानात सोंगही नाही आणि गर्दीही नाही. मका आणि कपाशी मात्र आहे. पण विस्मरणाला पावित्र्य समजणे हीही फसवणूकच. खेळ अवश्य व्हावा. परंतु तो संपल्यावर पडलेल्यांनी लगेच टाळ्यांसाठी उठू नये. थोडा वेळ त्यांनी तसेच पडून राहावे, आणि पाहणाऱ्यांनी उभे राहून ती शांतता सोसावी. एवढे साधले तर रंगभूमीने रणभूमीचे काही ऋण फेडले असे म्हणता येईल.

परतताना त्या मुलाने यंदा किल्ल्याखाली दोन्हीकडचे शिपाई मांडणार असल्याचे मला सांगितले. माझ्या उत्तराची त्याने वाट पाहिली नव्हती.